बोटांना कळेल असा दोरा

दयानंदअण्णांच्या हातात कुठलाही दोरा द्या. ते त्याची दोन टोकं दोन मुठींना गुंडाळणार, डोळे मिटणार आणि एक हिसडा देणार. टिकला तर दोरा, तुटला तर कचरा. चाळीस वर्षं शिवणकामात काढलेल्या माणसाला दोऱ्याची दुसरी परीक्षा ठाऊकच नव्हती.

तीच परीक्षा ते गळाच्या दुकानात घ्यायला लागले, तेव्हा मालक श्रीहर्ष काउंटरवर निम्मा आडवा झाला.

"अण्णा, अण्णा, अण्णा! थांबा की हो! बोट तुटेल, दोरा नाही तुटायचा. आठ पदरी वेणी आहे ती. ह्याला ब्रेड म्हणतात."

"मग हाच द्या."

"असं कसं हाच द्या? कुठं टाकणार ते सांगा की आधी. तळ्यात? नदीत?"

"क्वारीत. होसकोटेच्या अलीकडे. खाली सगळा दगड."

"दगड!" श्रीहर्षनं कपाळाला हात मारला, पण गंधाची उभी काळी रेघ पुसणार नाही अशा बेतानं.

हा श्रीहर्ष म्हणजे माध्व ब्राह्मणांच्या घरातला. चातुर्मासात वांगंसुद्धा वर्ज्य. त्याच्या दुकानात गांडूळ नाही, कोळंबी नाही, पिठाचा गोळासुद्धा नाही. "आपल्याकडे जिवंत काही मिळत नाही आणि मेलेलंही काही मिळत नाही," असं तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच वाक्यात सांगे. मिळत ते फक्त नकली मासे: रबराचे, लाकडाचे, चकाकत्या पत्र्याचे. स्वतः त्यानं जन्मात गळ टाकला नव्हता. पण कुठला दोरा कुठं दगा देतो हे त्याच्याइतकं बेंगळुरात कुणाला ठाऊक नसेल. "माझ्याकडे तुटलेलेच येतात, अण्णा. न तुटलेले कशाला येतील?"

त्यानं तीन रिळं ओळीनं मांडली आणि शाळामास्तरासारखं बोट नाचवलं.

"हा तंगूस. साधा नायलॉन. दगडावर घासला तरी स्वल्प दम धरतो. पण रबरासारखा लांबतो. मासा तिकडे टकटक करणार, ती टकटक वाटेतच विरणार. हा फ्लोरो. कडक, गुळगुळीत, दगडाला ह्याच्याइतका कुणी पुरत नाही. पण अख्खं रीळ ह्याचं भरलंत तर स्प्रिंगसारखं उसळून येतं. आणि हा तुमचा ब्रेड. केसासारखा बारीक, लांबत नाही म्हणजे नाही. तळाचा खडा हलला तरी बोटाला बातमी. पण दगडाची एक धार लागली की कात्री! मग जाणते काय करतात? रिळावर ब्रेड भरतात, पुढं सात-आठ हात फ्लोरो जोडतात. दगडाशी फ्लोरो भांडतो, बातमी ब्रेड आणतो. मध्ये एक गाठ."

"मध्ये गाठ?" अण्णांचं तोंड कडू झालं.

"बारीक गाठ हो. दिसत पण नाही."

"म्हणजे सांधलेला दोरा."

"सांधलेलाच की."

"नको. सलग द्या. ब्रेडच."

श्रीहर्षनं डोळे छताला लावले. पण अण्णांच्या घरात सांधा म्हणजे काय, हे त्याला कुठून कळावं? ह्या घराण्यातलं कोण, कधी, कुठल्या सरदाराच्या मागून बेंगळुरात आलं हे आता कुणाला सांगता येत नव्हतं, पण आला तो सुई घेऊन आला, एवढं नक्की. आणि सुईबरोबर एक नियम आला: शिलाईच्या मध्ये दोरा संपला तर तिथं जोडायचा नाही. अख्खी शिलाई उसवायची आणि पहिल्यापासून घालायची. आप्पाजींनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी, पाठीच्या एका शिलाईतला सांधा पकडून त्यांना लाकडी पट्टीनं फोडलं होतं. "माणूस जिथं वाकतो ना, तिथंच तुझा सांधा उकलेल, गाढवा!" हे वाक्य अण्णा अजूनही आप्पाजींच्याच घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवत.

तर रविवारी सकाळी तो सलग ब्रेड घेऊन अण्णा क्वारीवर जायला हलसूरला मेट्रोत बसले. के. आर. पुरमपर्यंत सगळ्या वाटेत ते खिशातल्या रिळावरून अंगठा फिरवत होते. अंगठ्याला खिसा कुठला नि रीळ कुठलं ते कळत नव्हतं.

खरी गोष्ट ही होती.

साखरेनं आधी पाय खाल्ले. चप्पल निसटली तरी कळेना. मग डाव्या हाताची बोटं, मग उजव्या. डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घेतली ती कशानं, तर प्लास्टिकच्या दांडीला बसवलेल्या नायलॉनच्या तुकड्यानं. "कण्ण मुच्ची, सर. डोळे बंद. टच झालं की यस बोला. ओके? गुड बॉय." अठ्ठावन्न वर्षांच्या गुड बॉयनं डोळे मिटले. बाईंचा हात हलला की त्यांच्या बांगड्या किणकिणत. अण्णा बांगड्यांना "यस" म्हणत राहिले. सातव्या वेळी बाईंनी नुसताच हात हलवला.

"यस," अण्णा म्हणाले.

अण्णांनी डोळे उघडले तेव्हा बाई लिहीत होत्या.

अण्णांचं शिवणाचं दुकान इंदिरानगरच्या मागच्या गल्लीत. गेल्या महिन्यात तिथं मशीनची सुई अण्णांच्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली आणि त्यांना ते समजलं ते हस्तिदंती रेशमावर लाल ठिपका उमटला तेव्हा. समोर बसून काजं करणाऱ्या त्यांच्या बायको, श्यामलाअक्का, ओरडल्या. अण्णा ओरडले नाहीत. ओरडण्यासारखं त्यांना काही झालंच नव्हतं. त्या दिवसापासून हातशिलाई अक्का करत, मशीनसुद्धा अक्काच मारत, आणि अण्णा खडूनं रेघा ओढत आणि गिऱ्हाइकाशी बोलत.

आणि अशात देवश्रीबाईंचा फोन आला. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. लेकाचं लग्न. "अण्णा, ह्यांचा लग्नातला कोट तुम्ही शिवलेला, अजून उसवला नाही. ह्याची शेरवानी पण तुमच्याच हातची पायजे. तुमच्याच, हं! पुढच्याच्या पुढच्या रविवारी दुपारी कापड घेऊन येते, तेव्हा हो की नाही सांगा."

"नाही म्हणा," फोन ठेवल्यावर अक्का म्हणाल्या.

"का म्हणून?"

"का म्हणून काय? बोटं झोपलीत तुमची."

"दुकानात झोपतात. कंटाळून झोपतात. पाण्यावर गेलं की जागी होतात."

"पाण्यावर!"

"हसू नको. दोरा तर्जनीवर असा घेतो ना, तळाचा एकेक दगड मोजता येतो मला. तंगुसानं घोळ होतो, तो लांबतो. ताठ दोरा आणतो. मासा लागलेला बोटाला कळला की शेरवानी घेईन. नाही कळला तर दुकानाला कुलूप. मग तर झालं?"

"शब्द?"

"शब्द."

अक्कांनी सुईत दोरा ओवला आणि मान खाली घातली. त्यांना हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणायचा धीरही होत नव्हता. अण्णांचं म्हणणं वर्षापूर्वी खरं होतं. आता ते खरं आहे की नाही, हे अण्णांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

क्वारीवर न्यायला राजस होता. राजस पुण्याचा, व्हाइटफील्डला कसल्याशा कंपनीत. जीन्स तोकडी करून घ्यायला म्हणून दुकानात शिरला, भिंतीवरचा अण्णांचा मरळ मासा धरलेला जुना फोटो बघून तिथंच बसला. दर रविवारी सकाळी तो के. आर. पुरमला गाडी घेऊन येई आणि होसकोटेपर्यंत तोंड मिटत नसे. "काका, आज लिटरली फील येतोय मला. पाणी इतकं क्लियर असेल ना, की बास. तुम्ही नुसतं चिल करा." अण्णांना त्यातलं निम्मं समजे. उरलेलं निम्मं समजलं नाही म्हणून काही अडत नसे.

क्वारी म्हणजे बंद पडलेली दगडाची खाण, पाण्यानं भरलेली. नदीतला दगड पाण्यानं गोल होतो. हा सुरुंगानं फोडलेला, प्रत्येकाला कोपरे. पाण्याखाली असल्या दगडांचे ढीग, आणि त्या ढिगांच्या सांदीत मरळ. तिथं शिशाच्या डोक्याचा रबरी मासा तळाशी सोडायचा आणि टुणुक टुणुक उड्या मारत आणायचा. डोळ्यांना काहीच दिसत नाही. सगळा कारभार बोटावर.

पहिल्या रविवारी पहिल्याच फेकीला दोरा तुटला. अण्णांनी दुसरा रबरी मासा बांधला, म्हणजे राजसनं बांधला. तोही गेला. तिसऱ्या वेळी काठी जोरात वाकली, राजस "काका, आहे आहे आहे!" म्हणेपर्यंत सरळ झाली, आणि रिकामा दोरा वाऱ्यावर तरंगत परत आला.

"शिट, काका! मोठा होता!"

अण्णांनी दोऱ्याचं टोक डोळ्यांजवळ धरलं. हिसड्यानं तुटलेला दोरा कसा दिसतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. हे तसं नव्हतं. टोकाला पिंजलेल्या कापसासारखा झुबका होता, आणि त्याच्या मागं वीतभर पदर न् पदर सुटला होता. हे घासून मेलं होतं. कॉलरीच्या घडीवर कापड जसं मरतं तसं. हिसड्याला माणूस पेलणारा दोरा दगडाच्या एका कोपऱ्यावर चार वेळा पुढंमागं झाला आणि संपला. आपण चाळीस वर्षं दोरा ओढून पाहिला, घासून कधी पाहिलाच नाही.

"तुम्हाला बाइट जाणवला ना पण?" राजसनं विचारलं.

"हो."

"काठी वाकायच्या आधी?"

अण्णांनी दोरा गुंडाळायला घेतला. "वाऱ्यात कळलं नाही नीट."

वारा नव्हता. राजसनं पाण्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि "चहा घेऊ, काका?" म्हणाला.

सोमवारी अण्णा पुन्हा श्रीहर्षच्या काउंटरपाशी.

"आला का तुटून?" श्रीहर्षला मनापासून आनंद झाला होता. "सांगितलं होतं की नाही? आता तंगूस नेता की सांधता?"

"तंगूस घेतला तर तुटणार नाही?"

"जाड घ्या, नाही तुटणार सहसा. पण कळणार पण नाही काही. आंधळ्यासारखं ओढत बसायचं. नकली माशाची गंमतच जाते, अण्णा. मग बोटाचं काम काय उरलं?"

"सांधा द्या," अण्णा घाईनं म्हणाले.

श्रीहर्षनं फ्लोरो मापून दिला आणि गाठ कशी मारायची ते मोबाइलवर दाखवलं. जाड फ्लोरो ताणून धरायचा, ब्रेड त्यावर एकदा वरून एकदा खालून असा वीस वेळा विणायचा, ताण एकदाही ढिला पडू द्यायचा नाही. "तुम्हाला काय हो, तुमच्या हातची विद्या ती!"

त्या संध्याकाळी आणि मंगळवारी आणि बुधवारी अण्णा ती गाठ मारत बसले. फ्लोरोचं एक टोक दातांत, दुसरं पायाच्या अंगठ्याला. नऊ वेळा विणलं की दहाव्यांदा ब्रेड बोटांतून निघून जाई आणि अण्णा रिकामी चिमूट तशीच फिरवत राहत. चिमटीत काही नाही हे त्यांना खाली बघितल्यावर समजे. गुरुवारी अक्का शेजारी येऊन बसल्या.

"आणा इकडे. एवढी एक गाठ मी मारते."

"नको."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"मला."

"सुई मी ओवते, बटण मी लावते, हे कळत नाही तुम्हाला? गाठच तेवढी कळणार होय?"

अण्णांनी दातांतला फ्लोरो काढला. ओठावर रेघ उमटली होती. "शेरवानीला अस्तर असतं, श्यामला. वरून कापड, आत अस्तर, दोन्ही एकत्र सरकतात का नाही ते नुसत्या बोटानं बघायचं असतं. ते तुला येत नाही. मला येतं."

"येत होतं," अक्का म्हणाल्या, आणि लगेच उठून आत गेल्या. आत बराच वेळ नळ चालू होता.

गाठ शेवटी राजसनं मारली, रविवारी क्वारीच्या काठावर, तीन मिनिटांत, कानात गाणी चालू असताना. "डन, काका. टेस्ट करा." अण्णांनी मुठींना गुंडाळून हिसडा दिला. टिकली. मग खाली वाकून त्यांनी पुढचा फ्लोरो एका दगडाच्या धारेवर दहा वेळा घासला आणि उजेडात धरून पाहिला. थोडा पांढुरका झाला होता, इतकंच. दोरा आता बरोबर होता. ह्यापुढं दोऱ्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

तसा विचार मनात आला मात्र, अण्णा घाईनं काठीकडे वळले.

त्यांनी फेकलं. रबरी मासा बुडाला, दोरा सैल पडला, म्हणजे तळ लागला. हे डोळ्यांनी. त्यांनी दोरा तर्जनीवर घेतला आणि काठीचं टोक उचललं. एक उडी. काही नाही. दुसरी उडी. काही नाही. खाली दगड होते, दगडांशिवाय तिथं दुसरं काही नव्हतंच, शिसं त्यांच्यावर टणाटण आपटत असणार. गेल्या वर्षी ह्याच जागी त्यांनी राजसला डोळे मिटून सांगितलं होतं, आता सपाट, आता कपार, आता चढ. अण्णांनी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर दोराही गेला, काठीही गेली. हातात काही आहे ह्याला पुरावाच उरला नाही. त्यांनी घाबरून डोळे उघडले.

दोरा तर्जनीवरच होता. इतका ताठ की बोटाच्या मांसात रुतून त्यानं खाच पाडली होती.

"काका!"

अण्णांनी मान वळवली. दहा पावलांवरून राजस धावत येत होता, दोन्ही हात हलवत. "काका, ओढा! ओढा ना! कधीचा खातोय तो! रॉड बघा!"

अण्णांनी काठी पाहिली. ती पार खाली लवली होती, टोक थरथरत होतं. कितीतरी वेळ थरथरत असावं. त्यांनी काठी उचलली. मग खांद्याला वजन कळलं, कोपराला कळलं, आणि पुढचं सगळं त्या दोघांनी निभावलं. मरळ दगडांत शिरला, दोरा दगडावर करकरला, ते कानांनी ऐकलं. फ्लोरो घासला, सोलपटला, पण तुटला नाही. गाठ काठीच्या कड्यांतून खटखट आत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. सुटली नाही. राजस चिखलात उतरला, जाळीत घेऊन वर आला, आणि ओरडत सुटला.

"ओह माय गॉड, काका! हा चार किलो तरी आहे! चार प्लस! परफेक्ट सेटअप, काका, परफेक्ट! त्या श्रीहर्षला फोटो पाठवतो थांबा. असा धरा. दोन्ही हातांनी. जरा हसा ना, काका!"

अण्णांनी मासा दोन्ही हातांनी धरला. गार, बुळबुळीत, जिवंत असणार. राजस हसा म्हणाला तसं ते हसले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, आणि राजसनंच तो काढून त्यांच्या कानाला लावला, कारण हात माशात अडकले होते.

"अहो," अक्का हलक्या आवाजात बोलत होत्या, "देवश्रीबाई लवकरच आल्यात. कापड घेऊन बसल्यात. काय सांगू?"

मागं देवश्रीबाईंचा आवाज ऐकू येत होता. कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "नाही नाही, हे अण्णाच शिवणार, अण्णाच."

"लागला नाही का मासा?" अक्कांनी विचारलं.

"लागला. मोठा लागला."

"मग?" अक्कांचा आवाज एकदम चढला. अण्णांना तो सुरुवातीच्या संसारातला आवाज वाटला. "मग कळला ना?"

राजस खुणेनं विचारत होता, सोडायचा का पाण्यात? अण्णांनी हो म्हणून मान हलवली. राजसनं एका हातानं मासा ओढून घेतला. अण्णांचे हात तसेच, माशाच्या मापाचे, हवेत राहिले.

"राजसनं सांगितलं तेव्हा कळला," ते म्हणाले.

पलीकडे देवश्रीबाईंचं हसणं ऐकू आलं, मग कपबशी ठेवल्याचा आवाज.

"कापड उलगडलं का तू?"

"अजून नाही."

"नको उलगडू. घडी मोडेल. आहे तशी परत दे."